टर्मवर्कला 11 दिले, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. एका सरांचं बोर्डावर गणितात चिन्ह चुकलं होतं, मी सहज सांगितलं, तेव्हापासून ते वर्गात मला "या पंडित" म्हणतात. माझी फाईल तीनदा परत केली, एकदा तर मार्जिन कमी सोडलं म्हणून! टर्मवर्कला, म्हणजे सत्रभराच्या फाईलच्या कामाला, मला 25 पैकी 11 आणि माझीच फाईल बघून लिहिणाऱ्या मित्राला 22. बाबा म्हणतात जाऊन पाया पड आणि विषय संपव. तक्रार केली तर ओरलला परत तेच सर असणार. काय करू?

उत्तर : अरे, पाया पडून 11 चे 20 होत असते तर कॉलेजात वाकलेलीच पोरं दिसली असती. बाबांचं चुकतंय असं नाही, ते घाबरलेत तुझ्यासाठी.

आधी त्या 11 कडे बघ. पासिंग 40 टक्के म्हणजे 10, त्यामुळे नापास केलेलं नाही, म्हणजे कोणी विचारायला येणार नाही आणि टर्मवर्कला रिव्हॅल्युएशनही नसतं. म्हणून "मार्क वाढवून द्या" असा अर्ज करूच नकोस, तो तिथेच पडून राहील. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2023 चे तक्रार निवारणाचे नियम आहेत, त्यात लोकपाल, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणारा विद्यापीठाचा अधिकारी, नुसत्या फेरतपासणीचे अर्ज घेतच नाहीत, पण ठरावीक गैरप्रकार किंवा भेदभाव दाखवलास तर अर्ज घेता येतो. तुझ्या बाबतीत भेदभाव दिसतोय, फक्त तो कागदावर नाहीये.

तर आजच बसून तारखा लिहून काढ, फाईल कधी परत आली, काय कारण सांगितलं, समोर कोण होतं. सरांच्या सह्या असलेल्या पानांचे फोटो काढून ठेव. मग सरांनाच साधा मेल कर, मार्क कुठे गेले ते कळेल का, बस, आरोप एकही नको. उत्तर आलं नाही तर एचओडींना (विभागप्रमुखांना) अर्ज दे आणि झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस, "ठेवून जा, बघतो" म्हणतील, तरी उभा रहा.

तिथेही काही नाही झालं तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. त्यांनी 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांना 30 दिवस. समितीतले लोक सरांबरोबरच चहा पितात हे मलाही माहितीये, म्हणून तर पोच पोच करतेय. ओरलची भीतीही त्याच अर्जात लिही. तिथे सरांबरोबर बहुतेक बाहेरचे परीक्षकही असतात, आणि तक्रार आधीची असेल तर नंतरचे कमी मार्क सगळ्यांच्याच डोळ्यात येतात.

स्टेटसला मात्र काही टाकू नकोस. आणि मित्राची फाईल पुरावा म्हणून जोडायच्या आधी त्याला विचार, त्याचे 22 पण हलू शकतात.