आफ्रिकेतील आजचे साहित्य आणि संगीत एकत्र नांदते असा एखादा साहित्यसमूह आहे का? त्याची ओळख कुठून करून घ्यावी?

माझ्या मते पहिले नाव केपटाउनच्या ‘चिमुरेंगा’ या नियतकालिकाचे घ्यावे लागेल. केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांनी साथीदारांसह नैरोबीत २००३ साली सुरू केलेले ‘क्वानी?’ हे नियतकालिक त्याच पिढीतले आणि तितकेच मोलाचे आहे. परंतु आपण संगीताबद्दलही विचारले आहे, आणि चिमुरेंगात संगीत लेखनाच्या तोंडीलावण्यापुरते येत नाही.

शोना भाषेत चिमुरेंगा म्हणजे मुक्तिसंग्राम. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात थॉमस मापफुमो यांनी म्बिरा या पारंपरिक वाद्याच्या सुरावटी इलेक्ट्रिक गिटारवर उतरवून जी शोना गाणी गायली, त्यांनाही हेच नाव पडले. कॅमेरूनमध्ये जन्मलेले पत्रकार आणि डीजे न्टोने एजाबे यांनी २००२ साली ते आपल्या नियतकालिकाला दिले. ब्रीदवाक्य नायजेरियाचे गायक फेला कुटी यांच्या पिजिन (तिकडच्या मिश्र बोली इंग्रजीतल्या) गाण्यातले आहे: ‘हू नो नो गो नो’, म्हणजे ज्याला ठाऊक नाही त्याला ठाऊक होईल. (यातला पहिला ‘नो’ नकाराचा, उरलेले दोन जाणण्याचे, देवनागरीने मात्र तिघांनाही एकाच ओळीत बसवले आहे.) नियतकालिक म्हटले खरे, पण अंक ठरल्या वेळी निघत नसत, आपल्या साठोत्तरी चळवळीतला ‘अनियतकालिक’ हा शब्दच त्याला नेमका बसतो.

२००८ मध्ये या मंडळींनी ‘पॅन आफ्रिकन स्पेस स्टेशन’ हा इंटरनेट रेडिओ सुरू केला. त्यांचे मला सर्वांत भावलेले काम मात्र २०१९ चे ‘फेस्टॅक ७७’ हे जाडजूड पुस्तक आहे. १९७७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नायजेरियात लागोसला भरलेल्या ‘फेस्टॅक’ या प्रचंड सरकारी कलामहोत्सवाकडे फेला यांनी पाठ फिरवली आणि बाहेरून आलेल्या कलावंतांना आपल्या ‘श्राइन’ या संगीत-क्लबमध्ये गाण्याबजावण्यासाठी जागा दिली, महोत्सव संपून आठवडा उलटण्याच्या आत सैनिकांनी त्यांचे घर जाळले. अशा काळाचा इतिहास हे पुस्तक कागदपत्रे, छायाचित्रे आणि लेखांचे तुकडे शेजारी शेजारी मांडून उभा करते.

सुरुवात मात्र या पुस्तकाने करू नये. त्यांच्या लेखनातली इंग्रजी दाट आणि संदर्भांनी गच्च असते. आधी फेला आणि मापफुमो यांची गाणी ऐकावीत, मग रेडिओची ध्वनिमुद्रणे, आणि त्यानंतर अंक हाती घ्यावा.