ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून गाडीने उलुरूच्या प्रचंड खडकाकडे जाताना वाटेत वूमेरा हे रॉकेट चाचण्यांचं गाव लागतं. तिथे थांबण्यासारखं काही आहे का? रॉकेट उडताना बघायला मिळेल का?

रॉकेट उडताना दिसणार नाही, ती आशा सोडूनच या. चाचण्यांचं क्षेत्र सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठं, आणि तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपल्याला मोकळं आहे ते फक्त त्यातून जाणारा हायवे आणि गाव. गावसुद्धा १९८२ पर्यंत बाहेरच्यांना बंद होतं.

पण थांबा. नक्की थांबा, आणि जमलं तर रात्रीचा मुक्काम करा. "दोन तासांत उरकतं, पुढे चला" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी मैदानातली रॉकेटं बघितलेली असतात, गाव बघितलेलं नसतं.

मी हे एवढं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते आणि मी फॅक्टरी इस्टेटमध्ये वाढले. भोंग्यावर दिवस चालायचा. शेजारी तमिळ, समोर बंगाली, मागे बिहारी, सगळ्यांची क्वार्टर्स एकाच नकाशाची. अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टरची किल्ली परत केली. त्यानंतर "तुमचं गाव कोणतं?" असं कुणी विचारलं आणि मी इस्टेटचं नाव सांगितलं, की समोरचा म्हणायचा, "ते झालं गं, पण मूळ गाव?" लग्नात विचारलं, सासरी विचारलं. सासरी तर माझे मोठे दीर हा विषय दर दिवाळीला काढतात. त्यांचं गाव साताऱ्याकडे, वाडा आहे, देवघर आहे. त्यांच्या मते क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला गाव नसतं, फक्त पत्ता असतो.

तर हेच भाऊजी आणि जाऊबाई पुण्याहून आमच्याकडे ॲडलेडला आले होते. आम्ही त्यांना घेऊन कूबर पीडी या ओपलच्या खाणींच्या गावाला निघालो आणि वाटेत वूमेराला वळलो. पोर्ट ऑगस्टा सोडलं की पावणेदोनशे किलोमीटर नुसती लाल जमीन आणि खुरटी झुडपं. मग पिंबा, तिथून आत सहा-सात किलोमीटर. आणि एकदम सरळ रस्ते, ओळीत लावलेली झाडं, थिएटर, शाळा, पोहण्याचा तलाव, चर्च. माणूस मात्र दिसत नाही. साठच्या दशकात इथे सहा-सात हजार लोक राहत होते. आज दोनशेही नाहीत.

गावाच्या मधोमध मैदानात रॉकेटं आणि विमानं मांडून ठेवली आहेत. जिंदिविक हे विनावैमानिक विमान आहे, नेमबाजीचं लक्ष्य म्हणून उडवायचे ते. १९५७ पासून इथून उडालेलं स्कायलार्क रॉकेट आहे. ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह रेसॅट २९ नोव्हेंबर १९६७ ला ज्या रेडस्टोन रॉकेटवरून गेला, त्याचा पहिला टप्पा, म्हणजे खालचा भाग, सिम्पसन वाळवंटात पडला होता. तो वीस वर्षांनंतर शोधून आणला, तोही वूमेरात आहे. चेपलेला, गंजलेला. माझ्या मुलाने तिथेच सगळ्यात जास्त वेळ काढला.

भाऊजींनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अगं, याला काय गाव म्हणायचं? सरकारने मांडलं, सरकारने आवरलं. इथे कुणाचं काय आहे?"

मी गप्प बसणार नव्हतेच. पण माझ्याआधी एक बाई बोलल्या. सत्तरी ओलांडलेल्या असतील. त्या बाकावर बसून डबा खात होत्या आणि आमचं बोलणं कळत नसलं तरी आवाज चढलेला त्यांना कळला असावा. त्यांनी विचारलं, कुठून आलात? आम्ही सांगितलं. मी सहज विचारलं, आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, "मी इथलीच, वूमेराची." तेव्हा राहत होत्या ॲडलेडजवळ, वूमेरा सोडून पन्नास वर्षं झाली होती. त्यांचे वडील क्षेपणास्त्रांचा माग काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर कामाला होते. घरी कामाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. आईसुद्धा विचारायची नाही. मुलांना कळायचं ते एवढंच, की आज बाबा पहाटे गेले म्हणजे काहीतरी उडणार आहे.

मला अण्णा आठवले. आमच्याकडे तेच होतं. काय बनतं ते सगळ्यांना ठाऊक, आणि जेवताना कुणी काढायचं नाही.

बाईंनी आम्हाला त्यांचं घर दाखवायला नेलं. घर नव्हतं. गाव रिकामं होत गेलं तशी इथली बरीच घरं उचलून नेली किंवा पाडली. एक चौथरा आणि दोन झाडं उरली होती. त्या झाडाला हात लावून म्हणाल्या, हे माझ्या आईने लावलं. इथलं पाणी मरे नदीवरून पाइपलाइनने येतं, शेकडो किलोमीटरवरून. त्या पाण्यावर वाळवंटात झाड जगवणाऱ्या बाईला इथे काही नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती होते, ते मला बघायचंय.

भाऊजी तेव्हा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पण प्रकल्प फसलाच ना शेवटी?"

याचं उत्तर त्या दिवशी मी तावातावाने दिलं, आता नीट देते. १९४४-४५ मध्ये जर्मनीची व्ही-टू रॉकेटं लंडनवर पडली. युद्ध संपल्यावर ब्रिटनला स्वतःची क्षेपणास्त्रं हवी होती, पण चाचणीसाठी मोकळी जमीन त्या बेटावर नव्हती. म्हणून ऑस्ट्रेलियाबरोबर करार करून १९४७ मध्ये हे गाव वसवलं. ब्लू स्ट्रीक हे ब्रिटिश रॉकेट १९६४ च्या जूनमध्ये इथूनच पहिल्यांदा उडालं. युरोपीय देशांनी त्यावर आपले टप्पे चढवून युरोपा नावाचं रॉकेट केलं. ते इथून एकही उपग्रह कक्षेत ठेवू शकलं नाही, हे खरं, आणि १९७० नंतर तो कारभार दक्षिण अमेरिकेत कुरूला गेला. भाऊजींना तेवढंच लक्षात राहिलं. पण ब्लॅक ॲरो या ब्रिटिश रॉकेटचं काय? जुलै १९७१ मध्ये ब्रिटिश सरकारने तो प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. रॉकेट तयार होतं म्हणून एका शेवटच्या उड्डाणाची परवानगी मिळाली. त्यावर राबणाऱ्या माणसांना माहीत होतं की यानंतर काम नाही. तरी त्यांनी २८ ऑक्टोबरला ते उडवलं आणि प्रॉस्पेरो उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. ब्रिटनने स्वतःच्या रॉकेटने सोडलेला तो एकमेव उपग्रह, आणि तो अजून पृथ्वीभोवती फिरतोय. नोकरी संपणार हे ठाऊक असताना इतकं चोख काम करणारी माणसं जिथे राहिली, ते गाव नाही तर काय आहे? अण्णांनी शेवटच्या पाळीलासुद्धा आपलं मशीन पुसून ठेवलं होतं.

आणि काम संपलेलंही नाही. जपानच्या हायाबुसा यानाची कुपी २०१० मध्ये इतोकावा लघुग्रहाचे कण घेऊन याच क्षेत्रात उतरली, हायाबुसा-२ ची २०२० च्या डिसेंबरमध्ये.

एक गोष्ट मात्र भाऊजींना सुचली नाही, म्हणून मीच सांगते. ही जमीन रिकामी नव्हती. ती कोकथा लोकांची, आणि रॉकेटांचा मार्ग वायव्येला ज्या वाळवंटावरून जात होता तिथे इतर आदिवासी समूह राहत होते. ॲडलेडचे डॉक्टर चार्ल्स ड्यूगिड यांनी सुरुवातीलाच याला जाहीर विरोध केला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही. केरळातल्या थुंब्याच्या मच्छिमारांनी आपलं चर्च भारताच्या रॉकेटांसाठी दिलं हे आपण अभिमानाने सांगतो. इथे तर कुणी विचारलंच नाही. कोकथांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०१४ मध्ये. त्या बाईंचं गाव खरं, आणि त्याआधीचं कोकथांचं त्याहून खरं. दोन्ही मनात ठेवूनच तिथे फिरा. १९९९ ते २००३ मध्ये इथे निर्वासितांना डांबून ठेवायची छावणी होती, हेही मुलं मोठी असतील तर त्यांना सांगा.

दफनभूमीत जा. तिथे १९५०-६० च्या दशकांतल्या तान्ह्या बाळांच्या कबरी बऱ्याच आहेत. पश्चिमेला मारालिंगात १९५६-५७ मध्ये ब्रिटनने सात अणुस्फोट केले, त्यांच्याशी या मृत्यूंचा संबंध काही जण जोडतात. तो सिद्ध झालेला नाही, त्यामुळे तिथे उभं राहून मुलांना भलतंसलतं सांगू नका. पण टाळूही नका.

बाकी, डिसेंबर ते फेब्रुवारीत येऊ नका. चाळीसच्या वर पारा आणि माश्या, कुणालाच काही बघवत नाही. जून ते ऑगस्ट उत्तम, पण रात्री कडाक्याची थंडी पडते, स्वेटर हवेतच. लहान मुलं असतील तर मी मुक्कामाचं म्हटलं ते सोडून द्या, अर्धा दिवस पुरे. पुढे निघाल्यावर हायवेवरून लेक हार्ट हे मिठाचं सरोवर दिसतं, तिथे थांबा. ग्लेंडॅम्बोनंतर कूबर पीडीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही. चाचणी असेल तेव्हा हायवेही काही वेळ बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी सूचना बघून घ्या. आणि मुक्काम करणार असाल तर जेवण किती वाजेपर्यंत मिळतं ते आधी फोन करून विचारा, नाहीतर पिंबाच्या रोडहाउसला परत यावं लागेल.