एक्झॉस्टचं पॅकिंग : वाचकांचे प्रश्न

एक्झॉस्ट गॅस्केट म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या भागांच्या जोडातलं, गळती रोखणारं पॅकिंग. त्याबद्दल विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी आधीच सायलेन्सर बदललेला असतो, आवाज मात्र तसाच असतो. म्हणून ही उत्तरं एकत्र.

सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक आवाज येतो, पाचेक मिनिटांत थांबतो. टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) असेल का?
असू शकतं. पण आधी हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्ड (हेडमधून निघणारा धूर गोळा करणारा नळ्यांचा भाग) यांच्यामधलं पॅकिंग बघा. धातू तापून फुगतो, फट मिटते, आवाज थांबतो. बिघाड तिथेच राहतो. जोडावर काजळी दिसली तर गळती तिथेच आहे.

जुनंच गॅस्केट पुन्हा बसवलं तर?
नको. एकदा दाबलेलं पुन्हा नीट बसत नाही.

मिस्त्री म्हणतात, सिलिकॉन लावून भागेल.
नाही भागत. मॅनिफोल्डच्या उष्णतेत ते जळतं आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) खराब करते. गॅस्केटचे पैसे वाचवून सेन्सर घालवायचा, हा कसला सल्ला?

केबिनमध्ये धुराचा वास येतो. काच उघडी ठेवून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत चालवू का?
अजिबात नाही. बाहेरची हवा आत घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला लागूनच असते. मॅनिफोल्डपाशी गळलेला धूर तिथूनच आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. तुम्हाला येतो तो धुरातल्या इतर घटकांचा. म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एसी रिसर्क्युलेशनवर ठेवला तर आत शिरलेला वायू आतच फिरत राहतो. उभ्या गाडीत एसी लावून मुलांना झोपवू नका. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच उतरून मोकळ्या हवेत या, डॉक्टरांना गाठा आणि ती गाडी चालवत नेऊ नका, टो करून गॅरेजला पाठवा.

घरी बदलता येईल का?
अनुभव असेल तरच. इंजिन पूर्ण थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, स्टडवर (ज्यावर नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर) आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. नट कडेकडून मध्याकडे सैल करा. बसवताना मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पृष्ठभाग घासताना ओरखडे पडू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मॅनिफोल्ड वाकलाय का तपासा. वाकलेल्यावर नवं गॅस्केटही टिकणार नाही. स्टड तुटला तर थांबा, मशीन शॉपवाल्याला बोलवा.

गॅस्केट बदललं, तरी चेक इंजिनचा दिवा जात नाही.
स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. न वाचता पुसू देऊ नका.