गॅससाठी काय घेता, ते आधी विचार

बाळा, खानापूरच्या मेडिकलात लागलास, बरं झालं. तू विचारलंस, हेपटायटिस सीच्या (व्हायरसनं लिव्हरला येणारी सूज) गोळ्या 2018 पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, मग फार्मासिस्टला काम काय? अरे, त्या गोळ्या तिकडनं आल्या तरी बाकीचं सगळं तो पेशंट तुझ्याच काउंटरवरनं नेतो की, आणि घोळ तिथंच होतो.

त्या गोळ्यांतली सोफोस्बुविर-वेल्पाटासविर चालू असेल तर त्यातलं वेल्पाटासविर विरघळायला पोटात ॲसिड लागतं. आणि आपल्याकडं सकाळी उठल्या उठल्या ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्राझोल टाकणारे किती, तुला सांगायला नको. त्याला कुणी औषध समजतच नाही! 'कुठली औषधं चालू आहेत' विचारलंस तर 'काय नाही' म्हणणार. म्हणून सरळ विचार, गॅससाठी काय घेता? कन्नडवाला असेल तर 'ग्यासिगे येन तगोतीरी'. लिक्विड अँटासिड असेल तर चार तासांचं अंतर ठेवायला सांग, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल असेल तर आपल्या मनानं काय ठरवू नको, डॉक्टरला फोन लाव.

हार्टवाल्याकडं अमिओडॅरोन दिसलं तर थांबच, सोफोस्बुविरबरोबर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, टीबीचं रिफॅम्पिसिन, ह्यांनी हेपटायटिसच्या गोळीचा अंमलच कमी होतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर, व्हायरस कमी होताना शुगर खाली येऊ शकते, तेव्हा वरचेवर तपासायला सांग.

बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांचा, 28 गोळ्यांच्या तीन बाटल्या. दुसरी बाटली संपेतो माणसाला बरं वाटायला लागतं, मग कुठं लग्न, कुठं यल्लम्माची जत्रा, गोळ्या घरीच. बाटली संपायच्या आठवडाभर आधी फोन कर, एवढा त्रास घे. आणि हे सगळं हळू आवाजात बोल बाबा, मागं त्याच्याच गल्लीतला कोणतरी उभा असतो. घरच्यांना सांग, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हा रोग रक्तातनं पसरतो, वेगळं ठेवायचं ते ब्लेड आणि टूथब्रश.

कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोडची टेस्ट, म्हणजे रक्तात व्हायरस उरलाय का ते बघायची, ती चुकवू देऊ नको. अँटीबॉडीची टेस्ट मात्र बरा झाल्यावर पुढंही पॉझिटिव्हच येत राहते, कुठल्या कॅम्पात रिपोर्ट बघून घाबरून तुझ्याकडंच येणार, तेव्हा व्हायरल लोडचा कागद जपून ठेवायला आत्ताच सांग. सिरोसिस (लिव्हर कडक होणं) असेल तर बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ते फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दे, मराठीत की कन्नडात ते त्यालाच विचार.