पाचशे रुपयांत रोज खिशात ठेवायला कोणता चाकू घ्यावा?

तुम्ही विचारलंय: इंदूरला भंवरकुआंजवळ होस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, फळं कापणं, पार्सल उघडणं, दोरी तोडणं एवढ्यासाठी घडीचा चाकू हवा आहे, पाचशेच्या वर जाता येणार नाही, ऑनलाइन दिसणारा 'अकरा कामांचा' चाकू घेऊ का?

नका घेऊ. पाचशेत अकरा अवजारं देणाऱ्याने त्यातल्या पात्यावर किती खर्च केला असेल, एवढा हिशेब करून पाहा. तुम्हाला रोज लागणार आहे ते पातं. कात्री, कानस, पाना, करवत हे सगळं त्या पात्याच्या पैशातून आलेलं असतं.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली. डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवायचे, भट्टीत तापवायचे, पाणी द्यायचं, कडकपणा मोजायचा, हेच काम. त्यामुळे कुठलाही चाकू हातात आला की मी आधी बघतो ते याला पाणी कसं दिलंय. पोलाद लाल तापवून झटकन थंड करायचं, मग पुन्हा थोडं तापवून त्यातला ठिसूळपणा काढायचा. हे नीट झालं तर साध्या पोलादाचं पातंही महिना महिना धार धरतं, आणि बिघडलं तर महागडं पोलादही वाया जातं. चांगल्या घडीच्या चाकूचं पातं कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण ५५ ते ५८ भरतं.

एका जत्रेतून मी तसाच अकरा कामांचा चाकू आणला होता. नारळाच्या डोळ्यात टोक खुपसून फिरवताना त्याचा लॉक सटकला आणि पातं माझ्या तर्जनीवर मिटलं. तीन टाके पडले. नंतर कारखान्यात नेऊन तो उघडला. पात्याला आतून अडवणारी लोखंडी पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम नखाच्या कडेएवढी टेकत होती, आणि पट्टी इतकी मऊ की बोटाने वाकत होती. पात्यावर कानस घातली तर बांधकामाच्या सळीवर चालावी तशी सरसर चालली. म्हणजे पाणी दिलेलंच नव्हतं. वर मात्र ठसठशीत अक्षरांत 'स्टेनलेस' कोरलेलं. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की पोलादात क्रोमियम पुरेसं आहे, गंज उशिरा चढेल. धारेबद्दल तो काहीच सांगत नाही. जेवायचा चमचाही स्टेनलेसच असतो.

पोलादाचा नंबर लिहिला असेल तर थोडा अंदाज येतो. ४२० किंवा ३ सीआर १३ म्हणजे कार्बन कमी, पोलाद मऊ, धार लवकर जाते पण दगडावर दोन मिनिटांत परत येते. तुमच्या बजेटमध्ये बहुधा हेच मिळेल आणि ते वाईट नाही. ८ सीआर १३ एमओव्ही हे जास्त कार्बनचं पोलाद मिळालं तर आनंदाने घ्या. ४४०सीमध्ये कार्बन टक्क्याच्या आसपास असतो, पण पाचशेच्या चाकूवर ते नाव दिसलं तर माझा विश्वास बसणार नाही. तसंच पांढऱ्या क्रॉसचा लाल चाकू दोनशेत कुणी देत असेल तर तो स्वित्झर्लंडचा नाही. व्हिक्टोरिनॉक्स किंवा फ्रान्सचा ओपिनेल तुमच्या रकमेत बसत नाहीत. नोकरी लागली की ओपिनेलचा ८ नंबर जरूर बघा: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ, आणि पातं जागेवर धरून ठेवणारी फिरती कडी. त्या कडीची कल्पना १९५५ची आहे आणि अजून तशीच चालते.

आता तुम्ही काय घ्यावं ते. बी-बियाणं आणि बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात कलम बांधायचा घडीचा चाकू मिळतो. एकच पातं, लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ, दिसायला अगदी साधा. पण कलमाचा काप एका ओढीत गुळगुळीत यावा लागतो, नाहीतर कलम धरत नाही, म्हणून बनवणाऱ्याला पात्याकडे लक्ष द्यावंच लागतं. माझ्याकडे असा एक बारा वर्षांपासून आहे. १८० रुपयांना घेतला होता. आता जास्त पडेल, तरी तुमच्या आवाक्यात बसावा. घेताना एक विचारा: धार दोन्ही बाजूंनी आहे ना? काही कलमी चाकूंना एकाच बाजूने धार असते. तो फांदीला उत्तम, पण जाम कापताना एका अंगाला सरकत जातो. (पेरू म्हणायला हवं, पण इथे घरातही आम्ही जामच म्हणतो.)

तो नाही मिळाला तर स्टेशनजवळच्या सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत किंवा राजवाड्याकडे बर्तन बाजारात साधा एका पात्याचा घडीचा चाकू मागा. ऑनलाइनपेक्षा दुकान बरं, कारण हातात घेऊन बघता येतं. पातं उघडून धार वर करून उजेडात धरा. खरी धार दिसत नाही, बोथट असेल तिथे चकाकणारी रेघ दिसते. पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, सांध्यात खुळखुळ नको. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे. लॉक असेल तर बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबून पाहा. लॉक नसेल, मुठीच्या पाठीतल्या नुसत्या पट्टीवर पातं अडत असेल, तरी चालेल. फक्त टोकाने काही कोरायचं नाही. पात्याची पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास असू द्या. जाड पातं दणकट वाटतं, पण सफरचंद कापत नाही, फोडतं.

बटण दाबून झटकन उघडणारा चाकू मात्र मुळीच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. मध्य प्रदेशात १९७४च्या अधिसूचनेनुसार स्प्रिंगचा चाकू, पातं कितीही लहान असलं तरी, सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. साध्या पात्यालाही सहा इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा आहे. प्रकरण शस्त्र कायद्यात जातं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने अशी भानगड अंगावर घेऊ नये. तुम्हाला तीन इंचाचं पातं भरपूर झालं. परीक्षा केंद्रावर जाताना तोही खोलीवर ठेवा, आणि विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही हे लक्षात असू द्या.

आणि सगळे पाचशे चाकूवर घालवू नका. शंभर-सव्वाशे बाजूला ठेवून दोन बाजूंचा धारेचा दगड घ्या, एक बाजू खरखरीत, एक बारीक. सायकलवर सहाण फिरवत येणाऱ्याकडे चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या की धारेची कड तापते, निळसर पडते, आणि निळी पडली की तिथलं पाणी उतरलं. घरी दगड ओला करा, पात्याची पाठ दगडापासून थोडी उचला, आणि दगडावरून पातळ काप काढत असल्यासारखं धार पुढे ठेवून ढकला. काही वेळाने दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बारीक खरखर लागेल. बोट धारेवरून लांबीला फिरवायचं नाही, पाठीकडून धारेच्या बाहेर ओढायचं. खरखर पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर आलटून-पालटून हलके हात, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून, धार मागे, आठ-दहा वेळा ओढा.

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका, इथल्या थंडीत ते थिजतं आणि डिसेंबरात चाकू उघडायला दात लावावे लागतील अशी गत होते. लिंबू किंवा कैरी कापली तर लगेच धुऊन कोरडा करा, सांध्यातलं पाणीही फुंकून काढा. कलमी चाकूचं पातं साध्या पोलादाचं असेल तर ते हळूहळू काळपट पडेल, त्याने काही बिघडत नाही. लाल गंज दिसला तरच घासून काढा.