कोचिंग आणि ऊर्जा-उपचार: निवड करण्यापूर्वी

कोचिंग, म्हणजे स्वतःत बदल घडवण्यासाठी प्रशिक्षकाबरोबर घेतलेल्या बैठका, आणि ऊर्जा-उपचार, म्हणजे शरीरातील कथित जीवनऊर्जेवर केला जाणारा उपचार, यांची तुलना करताना प्रथम हे पाहावे की या दोन पद्धती बदलाची जबाबदारी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. कोचिंगमध्ये प्रशिक्षक प्रश्न विचारतो, उद्दिष्ट नेमके करून घेतो आणि दोन बैठकांच्या मधल्या काळात तुम्ही प्रत्यक्ष काय केलेत याचा हिशेब मागतो. खरे काम बैठकीबाहेर घडते, आणि ते टाळले तर उत्तम प्रशिक्षकाचाही उपयोग होत नाही. मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास जपानमध्ये सुरू केलेल्या रेकीसारख्या पद्धतीत मात्र तुम्ही स्वस्थ पडून राहता आणि उपचारक हात ठेवतो. त्यातून मिळणारी विश्रांती खरी असते, हे मी अनुभवाने सांगतो. पण तिचे कारण म्हणून सांगितली जाणारी जीवनऊर्जा आजवर मोजता आलेली नाही. 1998 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, एका शाळकरी मुलीने केलेल्या प्रयोगात 21 ऊर्जा-उपचारकांना, पडद्याआडून आपल्या कोणत्या हातावर दुसऱ्याचा हात धरला आहे, हे ओळखायचे होते. 280 पैकी 123 वेळाच त्यांना ते जमले, म्हणजे नाणे उडवूनही याहून बरे उत्तर मिळाले असते.

कोचिंगही निर्दोष नाही. ‘कोच’ ही उपाधी बहुतेक ठिकाणी कोणीही लावू शकतो, म्हणून पहिल्या भेटीत तो तुम्हाला किती बोलू देतो ते पाहावे. दीर्घकाळचे नैराश्य, व्यसन किंवा जुना आघात असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्या उपचारकाकडे पुन्हा फिरकू नये.