आईला फायब्रोमायाल्जिया (अंगभर सतत दुखणं आणि थकवा) आहे. मॅग्नेशियम, को-क्यू-टेन वगैरेंचं पॅकेज सुरू करू का?

आईंच्या चालू गोळ्या प्रश्नातच लिहिल्यात हे फार बरं केलंत. सहसा लोक "थकव्यावर काय चांगलं?" एवढंच विचारतात. सकाळी थायरॉईडची थायरॉक्सिन, त्यासोबतच ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, रात्री दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन. वय ५२, पूर्ण शाकाहारी. आणि ओळखीतल्या कुणी सुचवलेलं दरमहा साडेचार हजारांचं पॅकेज: मॅग्नेशियम, को-एन्झाइम क्यू-टेन, फाइव्ह-एचटीपी, अश्वगंधा, वर केसांसाठी बायोटिन मोफत.

मी फार्मसिस्ट आहे, सांगलीत आमचं मेडिकल आहे. म्हणजे असे डबे विकून आमचंही घर चालतं, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी फाइव्ह-एचटीपी. ही बाटली उघडूच नका. शरीर त्यापासून सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) बनवतं, आणि ड्युलोक्सेटिन मेंदूतलं सेरोटोनिन टिकवून धरतं. दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिन जास्त होऊन घाम, थरथर, छातीत धडधड, ताप, बोलण्यात गोंधळ असं होऊ शकतं. दुखण्यासाठी मधूनमधून ट्रॅमाडॉल दिलं जात असेल (फायब्रोमायाल्जियाच्या चिठ्ठ्यांवर ते खूपदा दिसतं) तर धोका आणखी वाढतो. बाटलीवर "नैसर्गिक" लिहिलेलं असतं, त्याचा इथे काही उपयोग नाही. गोळ्या सुरू केल्या असतील आणि यातलं काही जाणवत असेल तर उत्तरं वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मात्र या भीतीने ड्युलोक्सेटिन स्वतःहून बंद करू नका. ते एकदम सोडलं की चक्कर येते, जीव कासावीस होतो.

अश्वगंधेबद्दल लिहिलं की आमच्याकडची वडीलधारी मंडळी माझ्यावर रागावतात, तरी लिहिते. ती थायरॉईड हार्मोन वाढवू शकते, आणि आई आधीच थायरॉक्सिनवर आहेत. शिवाय यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, भारतातल्याही, आणि ड्युलोक्सेटिनसोबत यकृत सांभाळावं लागतंच. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी करून. डब्यात परस्पर आलेली नको.

मोफतचं बायोटिन शरीराला बहुधा काही करणार नाही, पण थायरॉईडचा रिपोर्ट बिघडवेल. रक्तात ते जास्त असलं की काही लॅबमध्ये टीएसएच खोटंच कमी येतं, मग डॉक्टर थायरॉक्सिनचा डोस कमी करतात आणि थकवा होता त्याहून वाढतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद हवं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. सप्लिमेंटचा भरवशाचा उपयोग एकाच ठिकाणी होतो: शरीरात जे कमी आहे ते भरून काढायला. आणि तुमच्या आईंमध्ये कमी काय असू शकतं याचा अंदाज त्यांच्या चिठ्ठीवरूनच येतो. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. ते अन्नापासून सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि पॅन्टोप्राझोल नेमकं तेच कमी करतं. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांत बी-१२ घसरतं, कधी मॅग्नेशियमही. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ ला तिसरा धक्का. मुंग्या, थकवा, विसराळूपणा, पाय जड होणं हे सगळं फायब्रोमायाल्जियाच्या खात्यावर जमा होत राहतं आणि बी-१२ कुणी मोजतच नाही. २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर भरून काढायलाच हवं. गोळीतलं बी-१२ सुटंच असल्याने ते आम्लाविनाही शोषलं जातं. (स्पिरुलिनामधल्या बी-१२ वर विसंबू नका, त्यातलं बरंचसं माणसाच्या शरीराला वापरता येत नाही.)

डी जीवनसत्त्वाचं तसंच. २०१४ मध्ये ऑस्ट्रियात फायब्रोमायाल्जियाच्या ३० रुग्णांवर अभ्यास झाला. सगळ्यांचं डी कमी होतं. ज्यांना ते दिलं त्यांचं दुखणं नकली गोळीवाल्यांपेक्षा उतरलं. अभ्यास छोटा आहे, आणि तो डी कमी असणाऱ्यांचाच आहे. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. ती जेवणानंतर, दुधातून घ्यावी. पण बरं वाटतंय म्हणून तीच पुडी वर्षभर दर आठवड्याला घेणारे लोक मी काउंटरवर पाहते. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

तिसरं फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह. हिमोग्लोबिन १२ आलं की "रक्त चांगलं आहे" म्हणून विषय संपतो. २०१२ साली फ्रान्समध्ये १९८ स्त्रियांवर झालेला अभ्यास सांगते. पाळी चालू असलेल्या या बायकांना ॲनिमिया नव्हता, पण फेरिटिन ५० च्या खाली होतं आणि थकवा होता. १२ आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास निम्म्याने कमी झाला. नकली गोळी घेणाऱ्यांचाही पाव हिश्शाहून जास्त कमी झाला! तेव्हा "मला अमुक डब्याने फरक पडला" असं कुणी सांगितलं तर ते खोटं बोलत नसतात, पण फरक त्या डब्यानेच पडला असेल असंही नाही. तुमच्या आईंची पाळी थांबली असेल आणि तरी फेरिटिन कमी आलं, तर नुसती लोहाची गोळी देऊन थांबू नये. रक्त कुठे जातंय का, हे डॉक्टरांनी शोधायला हवं.

म्हणून पहिल्या महिन्याचे साडेचार हजार लॅबला द्या: बी-१२, डी, फेरिटिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम. जे कमी निघेल ते भरा.

पॅकेजमधलं मॅग्नेशियम त्यातल्या त्यात निरुपद्रवी. फायब्रोमायाल्जियात ते दुखणं कमी करतं याचा पुरावा तोकडा आहे. माझ्या जावेला हाच आजार आहे; तिला मॅग्नेशियमने झोप लागते असं ती म्हणते, दुखण्यात मात्र फरक नाही. क्रिएटिनिन ठीक असेल तर करून बघायला हरकत नाही. डब्याच्या मागे मूळ मॅग्नेशियम किती आहे ते वाचा. गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर नको. ऑक्साईड स्वस्त असतं पण पोट ढिलं करतं, ग्लायसिनेट पोटाला सोसतं. थायरॉक्सिनपासून ४ तास लांब ठेवा, रात्री घेतलं की प्रश्नच मिटतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर. को-क्यू-टेनवर स्पेनमध्ये छोटे अभ्यास झालेत, त्यांत थोडा गुण दिसला. महाग आहे. आई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असत्या तर नको म्हटलं असतं. परवडत असेल तर एकटं सुरू करा, तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि आईंना रोज झोप, दुखणं, थकवा यांना दहापैकी गुण द्यायला सांगा. तारखेला फरक नसेल तर बंद. पाच डबे एकदम सुरू केले की काय लागू पडलं आणि कशाने पोट बिघडलं, काहीच कळत नाही.

एक गोष्ट आईंना नीट विचारा. थोडं जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या अंथरुणाला खिळतात का? नुसत्या फायब्रोमायाल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम हा सगळ्यात खात्रीचा उपाय मानला जातो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठामपणे शिफारस केली ती त्याच एका गोष्टीची. पण श्रमानंतर असं कोसळणं हे क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं (विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घकाळच्या थकव्याचा आजार) मुख्य लक्षण आहे, आणि तिथे रेटून चालायला लावलं तर प्रकृती ढासळते. उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये त्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम मार्गदर्शनातून काढून टाकला. ताकद पुरवून पुरवून वापरा असं ते सांगतात. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. डॉक्टरांकडे जाताना हे आवर्जून सांगा, आणि पॅकेजच्या प्रत्येक डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो सोबत न्या. पुढची बाजू दाखवून उपयोग नाही, तिथे फक्त डोंगरावर उभी असलेली बाई असते.